ठोकळेबाईंचं लाकूड वाजेना

ठोकळेबाईंनी पोत्यातून दोन ठोकळे काढले, एकमेकांवर हाणले आणि कान दिला. बद्द. दुसरे दोन काढले. बद्द. तिसऱ्या पोत्यातले दोन, चौथ्यातले दोन, सगळे बद्द. पाचव्या पोत्यापाशी त्यांचा धीर संपला, तो मुळात फार नव्हताच, आणि हातातला ठोकळा त्यांनी शेडच्या पत्र्यावर असा भिरकावला की बाहेर भिंतीवर ऊन खात पडलेली मांजर उडी टाकून पळाली.

"ओलं! सगळं लाकूड ओलं! मेळावा आठ दिवसांवर आलाय आणि साठच्या साठ पोती ओली!"

शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. पण ठोकळेबाईंना ओरडायला समोर माणूस लागतो असं नाही. त्या आधी ओरडतात, मग माणूस शोधतात.

मेळावा होता लाकूडगॅसवाल्यांचा. ही एक वेगळीच जमात. पेट्रोल नको, डिझेल नको. गाडीच्या पाठीवर उभ्या पिंपासारखी एक भट्टी बसवायची, तिच्यात लाकडाचे ठोकळे भरायचे, ते अर्धवट जळताना जो वायू सुटतो तो थंड करून, गाळून इंजिनाला पाजायचा आणि त्यावर गाडी हाकायची. शहाणे लोक यांना वेडे म्हणतात. हे वेडे वर्षातून एकदा एका मैदानात आपापल्या गाड्या घेऊन जमतात, एकमेकांच्या भट्ट्यांत डोकी खुपसतात आणि शेवटी सगळे मिळून गावाबाहेरचा मोठा चढ चढून जातात. यंदा चाळीस गाड्या येणार होत्या, आणि त्या चाळीस भट्ट्यांचं लाकूड नेहमीप्रमाणे ठोकळेबाईंच्या शेडमधून जाणार होतं.

हे नाव त्यांना असंच पडलं नव्हतं. पॅकिंगची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं यांत्रिक करवतीवर काढली. तिथला मुकादम रोज सकाळी कानात घालायला कापसाचे बोळे वाटायचा आणि ठोकळेबाई ते रोज सकाळी त्याच्या देखत कचऱ्यात टाकायच्या. "पातं तुटायच्या आधी त्याचा आवाज बदलतो," त्या म्हणायच्या. "कान बुजवले तर माझी बोटं काय तुम्ही राखणार?" त्या करवतीवर काम केलेल्या बाकी सगळ्यांचं एखादं तरी बोट कमी आहे. ठोकळेबाईंची दहाच्या दहा शाबूत आहेत आणि भांडताना त्या ती दहाही वापरतात.

लग्न त्यांनी केलं नाही. का नाही, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. धाकट्या भावाच्या घरात मागची खोली त्यांची. भाऊ मेकॅनिक. वीस वर्षांपूर्वी त्याने भंगारातली टाकी आणून आपल्या जुन्या पिकअपवर पहिली भट्टी बसवली, ताईने कारखान्यातले तुकडे आणून दिले, आणि गाडी चालली! अकरा दिवस चालली. बाराव्या दिवशी इंजिन जे गपगार झालं ते उघडल्यावर कळलं की आतल्या झडपा डांबराने चिकटून बसल्या आहेत. भावाने इंजिन साफ केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो रडकुंडीला आला. तेव्हा ठोकळेबाईंनी तुकड्यांच्या ढिगाशी बसून दोन-दोन तुकडे एकमेकांवर ठोकायला सुरुवात केली. काही खण्‌कन वाजत होते, काही बद्द. बद्द ते ओले. ओल्या लाकडाने भट्टी नीट तापत नाही, धुरातलं डांबर जळत नाही आणि ते जाऊन इंजिनात बसतं. त्यांनी बद्द ते सगळे फेकून दिले. त्या दिवसापासून आजतागायत त्यांच्या लाकडावर चाललेली एकही गाडी डांबराने अडकली नाही.

मेळाव्यात मग पायंडाच पडला. पहिल्या सकाळी सगळे मैदानात गोल उभे राहतात. ठोकळेबाई कुठल्याही एका पोत्याचं तोंड सोडतात, दोन ठोकळे काढतात आणि ठोकतात. मग म्हणतात, "वाजतंय." तो शब्द आल्याशिवाय कोणी काडी ओढत नाही. आयुष्यभर त्यांना कोणी खुर्ची दिली नाही, हार घातला नाही. पण वर्षातून एकदा शे-दीडशे माणसं श्वास रोखून त्यांच्या एका शब्दासाठी थांबतात, आणि तो शब्द त्यांनी कधी उगाच उच्चारलेला नाही. आता यंदा लाकूडच वाजत नव्हतं.

पहिला नंबर लागला वखारवाल्याचा.

"चौदा महिन्यांपूर्वीची तोड आहे बाई," तो फोनवर शपथेवर सांगत होता. "दरवर्षी देतो तेच लाकूड, त्याच थप्पीतलं."

"काय? नीट बोल! तोंडात गुळणी धरलीयस का?"

"तेच लाकूड म्हटलं!"

"तेच असतं तर वाजलं नसतं का? हिरवं लाकूड माझ्या गळ्यात मारलंस आणि वर शपथा खातोस? चोराच्या उलट्या बोंबा! वीस वर्षांचा संबंध आज संपला, पुन्हा दारात उभी राहणार नाही तुझ्या!"

फोन आपटून त्या भावाकडे वळल्या. गेल्या महिन्यात दोन दिवस पाऊस झाला होता, तेव्हा शेडचा पत्रा गळला असणार. भाऊ शिडी लावून वर चढला, एकेक खिळा बघून आला आणि म्हणाला की पत्रा कोरडा ठणठणीत आहे. ठोकळेबाई म्हणाल्या की तुला लहानपणापासून समोरची वस्तू दिसत नाही, आणि स्वतः वर चढल्या. बासष्टाव्या वर्षी. खाली उतरल्या तेव्हा हात गंजाने लाल झाले होते आणि भोक एकही सापडलं नव्हतं. त्याचाही राग त्यांना भावाचाच आला.

राहिली भावजय. गरीब गाय! तीस वर्षं या घरात नांदली पण आवाज चढवून कधी बोलली नाही. तिने एकदा, फक्त एकदा, पावसाच्या दिवसांत शेडमध्ये दोरी बांधून चादरी वाळत घातल्या होत्या.

"चादरींचं पाणी लाकडात उतरलं," ठोकळेबाई स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "साठ पोती नासवलीस तू."

"दोन चादरी होत्या, वन्सं," भावजय म्हणाली.

"काय पुटपुटतेस? या घरात सगळे पुटपुटायला लागलेत! माणसाने बोलावं तर स्पष्ट बोलावं, नाहीतर गप्प बसावं!"

भावजयीने शेगडी बंद केली, हात पुसले आणि वन्संच्या समोर, अगदी समोर येऊन उभी राहिली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ठोकळेबाई तोवर अंगणात पोचल्या होत्या.

पुढचे पाच दिवस घराची वखार झाली. साठ पोती अंगणात पत्र्यांवर ओतली, उन्हात पसरली, दर तासाला फावड्याने उलटली. संध्याकाळी पुन्हा भरून आत. जेवायच्या टेबलाखाली ठोकळे, पलंगाखाली ठोकळे, भावाच्या बुटात दोन ठोकळे. भाऊ ते झटकून पुन्हा फावडं उचलायचा. ठोकळे उलटून उलटून सगळ्यांच्या कंबरा गेल्या. आणि रोज सकाळी ठोकळेबाई दोन उचलायच्या, ठोकायच्या आणि चवताळायच्या. बद्द म्हणजे बद्दच.

सहाव्या दिवशी मेळाव्याचे चिटणीस आले. हे निवृत्त गणिताचे मास्तर. सगळी पत्रं, याद्या, मैदानाची परवानगी त्यांच्याकडे. ठोकळेबाईंनी फोनवर त्यांना सांगून टाकलं होतं की लाकूड नापास आहे, मेळावा रद्द करा. मास्तर मुकाट्याने शेडमध्ये गेले, खिशातून हातभर तारेचं एक यंत्र काढलं आणि त्याच्या दोन सुया एका ठोकळ्यात खुपसल्या.

"अकरा टक्के ओलावा," ते म्हणाले. "वीसपर्यंत चालतं. हे तर फारच छान वाळलंय."

"हे खेळणं काढा आधी माझ्या लाकडातून!"

"बाई, दहा ठोकळे पाहिले मी. अकरा, बारा, दहा…"

"वीस वर्षं माझ्या कानांवर गाड्या हाकल्यात आणि आता सुया टोचून मला शिकवता? डांबर तुमच्या इंजिनात नाही, माझ्या तोंडाला फासलं जाईल! लोक म्हणतील, म्हातारीचं लाकूड बाद झालं!"

मास्तरांनी भावाकडे पाहिलं. भावाने जमिनीकडे पाहिलं. ठोकळेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे एक झालेत, सगळ्यांनी कट केलाय, उद्या चाळीस इंजिनं बुजली की खापर माझ्यावर फोडणार!

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणायचंय ना तुम्हाला? पिकअप काढा बाहेर. हेच लाकूड भरते. डोळ्यांनी बघा काय होतं ते. इंजिन गेलं तर भावाचं जाईल, पण तुमचे डोळे तरी उघडतील."

भावाने पिकअप अंगणात घेतली. पोतं ठोकळेबाईंनी स्वतः निवडलं, सगळ्यात बद्द वाजणारं, आणि स्वतः भट्टीत रिकामं केलं. भावाने खालच्या भोकातून पेटता बोळा सरकवला, पंखा लावला. पांढरा धूर आला.

"बघा! बघा धूर!"

"सुरुवातीला येतोच की ताई," भाऊ म्हणाला. पण ते त्यांनी ऐकलं नाही, किंवा मनावर घेतलं नाही.

दहा मिनिटांनी धूर विरळ झाला. भावाने वायूच्या नळीच्या तोंडाशी काडी धरली. ओलं लाकूड असलं की इथे ज्योत पिवळी, काजळीची येते, फडफडते आणि विझते. ठोकळेबाई हाताची घडी घालून तिची वाट बघत होत्या. ज्योत दिसेना. पेटलीच नाही म्हणून त्यांनी विजयाने हात पुढे केला आणि चटका बसून मागे घेतला. ज्योत होती. इतकी स्वच्छ होती की उन्हात दिसत नव्हती.

त्या गाडीत चढून बसल्या. भावाने इंजिन चालू केलं, मास्तर मागे बसले, आणि पिकअप गावाबाहेरचा मोठा चढ एका दमात चढून गेली. वर थांबली नाही, कुरकुरली नाही, वळून परत आली. अंगणात आल्यावर ठोकळेबाई आधी उतरल्या, पान्हा घेतला आणि गाळणीच्या खालचं भांडं स्वतः उघडलं. डांबर असेल तर इथे साठतं, काळं, चिकट, आठवडाभर हाताला वास राहतो असं. त्यांनी आत बोट फिरवलं. बोटाला कोरडी राख लागली. फुंकर मारली तर उडून गेली.

त्यांनी मान वर केली आणि एकेकाचा चेहरा पाहिला. भाऊ, मास्तर, दारात उभी असलेली भावजय. कोणाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी हळूच ठोकळ्यांच्या पोत्याकडे पाहिलं.

"लाकडाचं नाही म्हणत मी. माझं. माझ्या कानांचं तुम्हाला ठाऊक होतं!"

भावजय पायऱ्या उतरून आली आणि पुन्हा तशीच समोर उभी राहिली. ती अशी समोर येऊन का उभी राहते, हे ठोकळेबाईंना आता कळलं. तिचे ओठ त्यांना दिसावेत म्हणून.

"दीड वर्ष झालं, वन्सं," ती म्हणाली. "किटली शिट्टी वाजवून वाजवून जळून गेली होती. तुम्ही शेजारीच बसला होतात."

"मग बोलला का नाहीत? मूग गिळून बसलात? पाच दिवस माझ्याबरोबर पोती ओढलीत! त्या वखारवाल्याचा मी बाप काढायचा तेवढा बाकी ठेवला! तुला बोलले, चादरींवरून बोलले! का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगायचं कोणी?" भावजय म्हणाली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला, आणि तो ठोकळेबाईंना स्पष्ट ऐकू आला. "तुम्ही कोणाला बोलू देता? तोंड उघडलं की म्हणता पुटपुटतेस! घाबरतो आम्ही तुम्हाला. तुम्ही ठोकत होतात आणि आम्हाला खणखणीत ऐकू येत होतं, रोज, आणि तुमचं तोंड बघून आम्ही फावडं उचलत होतो!"

ठोकळेबाईंनी हातातला पान्हा फेकला. कोणाच्या अंगावर नाही, जमिनीवर. मग मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो कोणावर काढावा हे समजत नव्हतं. मुकादमावर काढावा तर तो बिचारा रोज बोळे देत होता. करवतीवर काढावा तर ती कधीच भंगारात गेली. पलंगावर बसून त्यांनी आपली बोटं मोजली. दहाच्या दहा होती. चांगली होती. त्यांनी ती मुठीत आवळली आणि पलंगाची कड बुक्क्यांनी हाणत राहिल्या, आणि तो आवाजही त्यांना बद्द आला.

दुसऱ्या दिवशी त्या वखारीत गेल्या. वखारवाला त्यांना बघून दोन पावलं मागे सरकला. त्या मोठ्याने म्हणाल्या, "लाकूड चांगलं होतं. तू खरं बोलत होतास." तो काहीतरी बोलू लागला, पण त्या पाठ फिरवून निघाल्या. त्याचं उत्तर ऐकू आलं नाही तर काय करायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. परत येताना त्या पुन्हा चिडल्या. या वेळी स्वतःच्या त्या पळून येण्यावर.

मेळाव्याच्या सकाळी मैदान भरलं. चाळीस गाड्या, चाळीस भट्ट्या. कोणाची दुधाच्या कॅनची, कोणाची जुन्या बॉयलरची. साठ पोती मधोमध रचली होती. मास्तर आदल्या संध्याकाळी येऊन हळूच म्हणून गेले होते, की बाई, लाकूड पास आहे हे आपल्याला माहीत आहे, तुम्ही नेहमीसारखं ठोकायचं आणि म्हणायचं वाजतंय, कोणाला काही कळायचं कारण नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं, तेव्हा पुरतं ऐकू आलं. ठोकळेबाई हो म्हणाल्या नव्हत्या आणि नाहीही म्हणाल्या नव्हत्या.

सगळे गोल उभे राहिले. बोलणी थांबली. ठोकळेबाई पुढे आल्या, एका पोत्याचं तोंड सोडलं, दोन ठोकळे काढले. ठोकले.

बद्द.

शे-दीडशे माणसं श्वास रोखून उभी होती. काड्यापेट्या हातात तयार होत्या. एक शब्द म्हटला की झालं असतं, आणि तो खोटाही नव्हता. लाकूड खरंच वाळलेलं होतं. पण ते वाजलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. न ऐकता तो शब्द कधी म्हटला नव्हता आणि आता म्हणणार नव्हत्या. त्यांनी पुन्हा ठोकलं, जोरात, दात ओठ खाऊन. बद्द. पुढच्या रांगेतला एक ड्रायव्हर घाबरून शेजाऱ्याकडे बघू लागला.

ठोकळेबाईंनी वळून भावजयीला दंडाला धरून पुढे ओढलं आणि ते दोन ठोकळे तिच्या हातात कोंबले.

"तू ठोक."

"मी? वन्सं, मला कसं…"

"तीस वर्षं ऐकतेस माझं. ठोक!"

भावजयीने ठोकलं. ठोकळेबाई लाकडाकडे बघत नव्हत्या, तिच्या तोंडाकडे बघत होत्या. भावजयीचे ओठ हलले.

"असं नाही," ठोकळेबाई ओरडल्या, मैदानाच्या पार टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "पुटपुटू नकोस. इथे एक बहिरी उभी आहे!"

भावजयीने डोळे पुसले, छाती भरून श्वास घेतला आणि दोन्ही ठोकळे डोक्यावर धरून असे हाणले की एकाची ढलपी उडाली.

"वाजतंय!" ती किंचाळली.

ते मात्र ठोकळेबाईंना ऐकू आलं. त्यांनी मान हलवली, आणि चाळीस काड्या ओढल्या गेल्या.